उंबरठ्याचा हिशेब

स्मरणिका समितीचा निरोप आला, "काका, तुम्ही बँकेतले, सोसायटीच्या पैशाचा इतिहास लिहा." जमा-खर्चाची पत्रकं दरवर्षी वार्षिक सभेत वाचली जातातच, ती कोण ऐकतं हा भाग वेगळा. मला लिहायचं आहे ते एका निराळ्या वर्गणीबद्दल. त्यासाठी थोडं आर्णीच्या बाहेर जावं लागेल.

नोकरीत गावोगाव फिरताना एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. माणूस दवाखान्यात असला की पैसा उभा राहतो. नातेवाईक देतात, शेजारी देतात, दुकानदार गल्ला उघडतो. पण तोच माणूस कमरेखालचं बळ गमावून घरी परत आला, की हात आखडतात. दार रुंद करायचं, संडास बदलायचा, पायऱ्यांच्या जागी उतार बांधायचा, हे लोकांना आजारपण वाटत नाही, बांधकाम वाटतं. बँकेचंही तसंच होतं. १९७२ मध्ये ४ टक्के व्याजाची डीआरआय योजना आली. त्यात अपंग व्यक्ती बसायच्या, पण धंद्यासाठी. शिलाई मशीनला कर्ज मिळे, न्हाणीच्या दाराला नाही.

याचं एक कारण इतिहासात आहे. मणक्याला जबर इजा झालेली माणसं पूर्वी फार जगतच नसत. बेडसोअर आणि लघवीचा संसर्ग त्यांना नेत असे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला, नियमाने कूस बदलणं, स्वच्छता आणि व्यायाम यांवर भर दिला, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. जगू लागली तेव्हा कुठे प्रश्न आला, राहायचं कुठे आणि कसं?

आपल्याकडे १९७१ च्या युद्धानंतर पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र झालं. चांगलं झालं. पण ती सोय गणवेशातल्या माणसाची. चिंचेवरून पडलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराचं काय?

त्या बाजूने विचार केला तो कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं. निराशेच्या काळात बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही कामधंदा करत, हिंडत-फिरत. नसीमादीदींनी शिक्षण पुरं केलं, कस्टम्स आणि सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची'. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

मला बँकवाल्याच्या नजरेने त्यांचं एक विशेष वाटतं. त्यांनी लोकांकडून पैसे मागितले ते नुसते औषधाला, कपड्याला नाहीत. 'घरौंदा' हे वसतिगृह त्यातून झालं, जिथे खुर्चीवरचं मूल कुणी उचलून न नेता वावरू शकतं. पुढे सिंधुदुर्गात काजूचा कारखाना झाला, अपंगांनीच चालवायचा. वीट, दार आणि उतार यांसाठी देणगी मागणं फार अवघड, कारण देणाऱ्याला डोळ्यांत पाणी आणणारं त्यात काही नसतं.

आपल्या विदर्भाचं उदाहरण तर घरचंच. वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे मणक्याच्या दुखण्याने बसू शकत नव्हते. १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' निघालं, तेव्हा बाबा गाडीत आडवे पडून देशभर फिरले. गाडी माणसाप्रमाणे बदलली, माणूस घरी बसवला नाही.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाच्या मुलाला हायवेवर अपघात झाला. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या उपचारांना आठवड्यात वर्गणी जमली. घरासाठी मात्र तीन महिने यादी पुढे सरकेना. "आधीच घर आहे ना त्यांचं," असं एकाने तोंडावर म्हटलं. मग आम्ही दोघा-तिघांनी वेगळं केलं. मिस्त्रीकडून कलमवार अंदाजपत्रक घेतलं. दाराला इतके, कमोडला इतके, आधाराच्या दांड्याला इतके. पैसे थेट मिस्त्रीला आणि हार्डवेअरवाल्याला द्यायचे, पावती बोर्डावर लावायची. कुणी म्हणालं दांडा माझ्याकडून, कुणी म्हणालं टाइल्स माझ्या. महिन्याभरात काम झालं. वस्तूला माणूस देतो, मोघम आकड्याला देत नाही. नगर परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, हेही तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

मापं माहीत असावीत म्हणून लिहितो. खुर्चीला दार ३ फूट मोकळं हवं. आपल्या संडासांची दारं सव्वादोन-अडीच फुटी. खुर्ची वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं. आणि उतार एकास बारा. म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. अरुणावतीच्या काठचं गाव, पावसाची धास्ती, म्हणून आपण जोती उंच बांधली. तीन फुटांच्या जोत्याला ३६ फूट उतार लागतो, एवढं अंगण कुणाचं आहे? त्यामुळे त्या घरी तो मागच्या बोळीतून वळवून घ्यावा लागला. घाईत कुणी उभा चढ बांधला तर खुर्ची उलटते, त्यापेक्षा पायऱ्या परवडल्या.

तो मुलगा आज घरात स्वतः फिरतो, मोबाइल दुरुस्ती करतो, अंगणापर्यंत येतो. पण आपलं सभागृह, जिथे रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम होणार आहे, त्याला चार पायऱ्या आहेत. मागच्या गणपतीत चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. त्यानंतर तो आलेला नाही. आपल्यातले निम्मे सत्तरीकडे निघालोत, माझेही गुडघे त्या पायऱ्यांना हात जोडतात.

जोतं दोन फूट, उतार २४ फूट. समोर जागा १७ फूट, म्हणजे मध्ये वळण आणि वळणावर ५ फुटांची सपाट जागा. दुरुस्ती निधीत त्यापुरती शिल्लक आहे, मी खातं पाहिलं आहे. अडचण एवढीच की वळण नेमकं कडुनिंबाच्या ओट्यावर येतं. ओटा फोडायला वरिष्ठ मंडळींचा विरोध आहे, संध्याकाळी आम्ही तिथेच बसतो. ओटा तीन फूट मागे घेतला तर झाडही राहतं, बैठकही राहते. मिस्त्रीने खडूने आखून ठेवलं आहे, येता-जाता पाहून घ्या. ठराव येत्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ७ वर आहे.