हिवाळ्याचा वाटा

१/ १९८० च्या दशकात कर्जापायी अमेरिकेतील असंख्य लहान शेते मोडीत निघत होती. त्याच काळात मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्मवर एक निराळा व्यवहार आकाराला आला.

२/ रॉबिन व्हॅन एन, स्वित्झर्लंडमधील असे प्रयोग पाहून आलेले जॅन व्हँडर ट्युइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये सफरचंदांचे वाटे विकले. १९८६ मध्ये भाज्यांचे.

३/ सभासद हंगामाआधीच पैसे भरत. पेरणीसाठी भांडवल मिळे; पीक बुडाल्यास तोटाही सर्वांचा.

४/ पुढे अनेक शेतांनी हिवाळी वाटेही सुरू केले. तळघरात टिकणारी गाजरे, बीट, कोबी, भोपळे यांमुळे थँक्सगिव्हिंग-नाताळच्या गोडाधोडाच्या ताटात तंतुमय अन्न आले. गाजरे कमी निघाली, तर सणाची पेटीही हलकी. हे सभासदांनी आधीच मान्य केलेले असे.