भीमसरटांची झुंज आणि खडकांची साक्ष

बंगळूरच्या लालबागेत केंपेगौडाचा बुरूज ज्या उघड्या टेकडीवर उभा आहे, तिचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या खडकावर खेळणाऱ्या मुलांना कोणी विचारले, की टिरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांची गाठ पडली असती तर कोण जिंकला असता, तर उत्तराला वेळ लागणार नाही. चित्रपटांनी त्यांना ते पढवून ठेवले आहे. खडक मात्र या बाबतीत मुका आहे. भूगर्भातील उष्णतेत तो घडला तेव्हा पृथ्वीवर प्राणी जन्मालाच आले नव्हते. म्हणून बंगळूरच्या भूमीत कितीही खोल खणले, तरी भीमसरटाचे हाड हाती लागावयाचे नाही.

शिवाय ही झुंज होणेच शक्य नव्हते. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी नांदला आणि टिरॅनोसॉरस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला. आपल्यापासून टिरॅनोसॉरस जितका दूर, त्याहूनही स्टेगोसॉरस त्याच्यापासून दूर! भारतात तर टिरॅनोसॉरस कधी आलाच नाही. त्या काळी भारत हे समुद्राने वेढलेले, उत्तरेकडे सरकणारे बेट होते.

मग या बेटावर कोण कोणाशी लढले असेल? याची साक्ष जबलपूरच्या परिसरात मिळू लागली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास १८२८ साली तेथे काही अजस्र हाडे सापडली. १८७७ मध्ये लिडेकरने त्यांपैकी काहींना टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. पुढे मॅटले याने जबलपूरच्या बारा सिमला टेकडीत मांसाहारी भीमसरटांचे अवशेष शोधले. गुजरातेत रहिओली येथे १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काढलेल्या हाडांतून, कपाळावर आखूड शिंग असलेला राजासॉरस २००३ मध्ये जगापुढे आला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा इसिसॉरस हा शाकाहारी. पुढचे पाय लांब, मान आखूड. त्याच्या नावातील पहिली अक्षरे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची आहेत. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव एका पशूला लाभावे, ही गंमतच म्हणावयाची.

ही जोडी काळाच्या हिशेबाने जुळते. पण रहिओलीला मांसाहारी व शाकाहारी प्राण्यांची हाडे एकाच थरात मिसळलेली आढळतात, एवढ्यावरून त्यांचे युद्ध झाले असे कोण म्हणेल? वाहत्या पाण्याने दूरदूरची हाडे एके ठिकाणी आणून टाकलेली असू शकतात. झुंजीचा निर्विवाद पुरावा फार दुर्मिळ. मंगोलियात १९७१ साली व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेरॅटॉप्स एकमेकांना भिडलेल्या स्थितीत सापडले. पण त्यांत अजस्र असे कोणीच नव्हते.

भारतातील सर्वांत बोलका पुरावा आणखी लहान आहे. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना भीमसरटाच्या अंड्यांजवळ काही नाजूक हाडे मिळाली. ती सारी पिलाचीच असावीत, असे प्रथम वाटले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी ती पाहिली, तेव्हा त्यांत सर्पाचे मणके ओळखू आले! सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा सर्प, सनाजेह इंडिकस, एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता. शेजारीच अर्ध्या मीटरचे, नुकतेच बाहेर आलेले पिलू. २०१० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. या सर्पाचा जबडा आजच्या अजगराइतका उघडत नसे. त्याला अख्खे अंडे गिळता येणे कठीण, पिलू मात्र त्याच्या आवाक्यातले होते. पण बहुधा वादळाच्या वेळी वरच्या उतारावरून माती घसरली आणि सर्प, अंडी व पिलू हे तिघेही घास घेतला जाण्यापूर्वीच तिच्याखाली गाडले गेले.