निस्तारपत्रकापासून वनहक्कापर्यंत

एका कागदावरील मजकूर दुसऱ्या कागदाच्या योग्य रकान्यांत पोहोंचविणें हें काम वरवर निव्वळ कारकुनी वाटतें. परंतु चांदा आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशांत खेड्यांचें सरपण, बांबू आणि गुरांचें चराऊ रान याच कामावर अवलंबून राहिलें आहे.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. पुढें मध्यप्रांत निर्माण होऊन १८६९ मध्यें मेजर ल्युसी स्मिथ यांनीं चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. गांवें मालगुजारांच्या नांवें लागलीं. रयतेची वहिवाट 'वाजिब-उल-अर्ज' या पत्रकांत चालरीत म्हणून नोंदली गेली. १९५१ मध्यें मालगुजारी नष्ट झाली, रानें सरकारकडे आलीं, आणि रयतेच्या गरजांसाठीं निस्तारपत्रकें तयार झालीं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेंहि १६१ व्या कलमांत त्यांस स्थान दिलें. गुरें कोठें चारावींत, लांकूड, सरपण, मुरूम कोणत्या अटींवर न्यावा, हा त्यांतील विषय.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्दच घातला. आतां जुनें पत्रक डावीकडे आणि नव्या दाव्याचा नमुना उजवीकडे मांडून रेघा जोडण्याची वेळ आली. आजचीं संगणकयंत्रें पडद्यावर असेंच करतात. परंतु कोणती रेघ कोठें न्यावी हा निर्णय माणसाचाच.

गांवाचें नांव सरळ जुळतें. जिल्ह्याचें जुळत नाहीं, कारण गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. चराईपुढें चराई येते. बांबूची रेघ मात्र वांकडी जाते: १९२७ च्या वन कायद्यानें त्यास वृक्षांत गणलें, २००६ च्या कायद्यानें गौण वनोपजांत. रानाच्या जुन्या नांवासमोर वनखात्याचा कक्ष क्रमांक शोधावा लागतो, आणि तो नकाशा हातीं घेऊन शिवेवरून चालल्यावांचून सांपडत नाहीं.

सर्वांत कठीण स्थान तें, जेथें उजवीकडे रकाना आहे आणि डावीकडे कांहींच नाहीं. रानाचें रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क जुन्या पत्रकांत कोठून असणार? तेथें रयत घेणारी होती, राखणारी नव्हे. ही पोकळी २००८ च्या नियमांनीं भरून काढली. वृद्धांचे लेखी जबाबहि त्यांनीं पुरावा मानले. जें कागदावर नव्हतें तें स्मृतींतून आलें.

२००९ मध्यें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला; शेजारच्या मर्द्यासहि मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचें परवानापुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हातीं आलें. पूर्वीं अटीवर मिळणारी सवलत येथें हक्क झाली. एखादी रेघ जोडावयाची राहिली, तर नुकसान कागदाचें होत नाहीं. तें चुलीचें होतें.