छोट्या अँटेनाची किंमत

मोबाइल लहान झाले तसे अँटेनाही हवे तितके लहान करता येतील, असं आपल्याला सहज वाटतं. पण तसं नाहीये. १९४७ साली अमेरिकेत हॅरॉल्ड व्हीलर यांनी याचं गणित मांडलं आणि १९४८ मध्ये एमआयटीच्या एल. जे. चू यांनी ते आणखी पक्कं केलं. थोडक्यात सांगायचं तर, तरंगलांबीच्या मानाने अँटेना फार लहान केला की एकतर त्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद होतो, नाहीतर ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

आता ९०० मेगाहर्ट्झचं बघा. तरंगलांबी साधारण ३३ सेंमी, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना १६-१७ सेंमीचा. १९५३ मध्ये मायक्रोस्ट्रिपची कल्पना पुढे आली आणि १९७० च्या दशकात ती रुजली. तांब्याचा चपटा तुकडा, त्याखाली ग्लास-इपॉक्सीचा थर. लांबी जवळपास निम्मी! पण असा पातळ अँटेना जेमतेम १ ते ३ टक्के पट्टा पेलतो, आणि जीएसएमला ८९० ते ९६० मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेसात टक्के लागतो. हा पट्टा रुंद कसा करायचा, यावर आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार यांनी के. पी. रे यांच्यासोबत २००३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

रिपीटरमध्ये तर दुहेरी अडचण. एक अँटेना टॉवरकडे, दुसरा घरात. मधला ॲम्प्लिफायर ७० डेसिबलचा असेल, तर सिग्नलची शक्ती एक कोटी पट होते. आतल्या अँटेनातून एक कोटीव्या भागाइतका सिग्नल जरी बाहेरच्या अँटेनात परत शिरला, तरी मांडवात माइक कर्ण्यासमोर नेल्यावर वाजते तशी शिट्टी सुरू! म्हणून दोघांत अंतर, आडोसा आणि एका दिशेलाच बघणारे अँटेना हवेत. डबा छोटा केला की नेमकं हेच अवघड होतं.

ही शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. मग गल्लीतल्या सगळ्यांचे कॉल तुटायला लागतात, कदाचित कुणी ॲम्ब्युलन्स बोलवत असेल त्याचाही. परवान्याविना रिपीटर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, ते यासाठीच. घरात रेंज नसेल तर मोबाइल कंपनीच्या मागे लागा. 'छोटा डबा, फुल रेंज' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका.