रोगाची वाट, वारीची वाट

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. विणेकरी कोण कोण झाले, तंबू कोणी दिला, शिधा कोणत्या घरून यायचा, हे सगळे या अंकात इतरांनी लिहिले आहे. आमच्याकडे चालकांनी वेगळाच विषय दिला: वारी आणि साथीचे रोग. आम्ही चौथी शिकलेलो. पण चिकूची वाडी आणि कीर्तन सांभाळता सांभाळता जे वाचले, दवाखान्यात विचारून घेतले आणि जुन्या माणसांकडून ऐकले, ते क्रमाने मांडतो. माउलींनी गोड मानून घ्यावे.

वारीचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे कॉलरा. आपली म्हातारी माणसं त्याला पटकी म्हणायची. सकाळी टाळ घेऊन उभा असलेला माणूस संध्याकाळी जुलाब-उलटीने आडवा व्हायचा. गावागावात लोक मरीआईचा गाडा करायचे आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे. आज पोरं हसतात. पण त्यात एक गोष्ट आपल्या वाडवडिलांना बरोबर कळली होती, की हा रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला प्रवास करतो. तो कशावर बसून जातो, तेवढे मात्र ठाऊक नव्हते.

ते कळले १८५४ साली, लंडन शहरात. तिथे कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. बहुतेक घरे एकाच पंपाच्या आसपास निघाली. त्या पंपाचा दांडा काढायला लावला. तेव्हा जंतू कोणी दाखवून दिला नव्हता. नुसते कोण आजारी, कुठे आणि कधी, एवढे तीन प्रश्न विचारून त्यांनी रोगाची वाट शोधली. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तळ्यात, कॉलऱ्याचा जंतू सापडला. लोक त्याच तळ्यात अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत.

आता आषाढीचे वाळवंट डोळ्यांपुढे आणा. लाखो माणसं, पावसाचे दिवस, नदीकाठीच शौच, तिथेच स्नान आणि तेच पाणी पोटात. एका आजाऱ्याची घाण पाण्यात गेली की शेकडो तोंडांत पोचली. आणि गंमत अशी, की जंतू पोटात गेलेल्या पुष्कळ जणांना काही होतच नाही. ते धडधाकट घरी परततात आणि जंतू घेऊन येतात. पंढरीची साथ परतीच्या वाटेवरच्या गावांत पसरायची ती अशी.

इंग्रज सरकारने आणि परदेशातल्या मोठमोठ्या परिषदांनी बोट यात्रेकडे दाखवले. १८६६ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत हिंदुस्थानातल्या यात्रांवर असाच ठपका आला. पंढरपुरात यात्रेकरूकडून करही घेत. आमचे म्हणणे एवढेच, की दोष भक्तीचा नव्हता, पाण्याचा होता. लाखाच्या जागी स्वच्छ पाणी आणि शौचाची सोय नसेल, तर ती यात्रा असो, बाजार असो की लष्कराची छावणी, कॉलरा तिथे येणारच. आणि हेही खरे, की आपण जिथे बसलो तिथेच घाण केली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन पंढरीत झाडलोट केली आणि रात्री त्याच विषयावर कीर्तन केले, ते उगाच नव्हे.

मग लस आली. हाफकिन साहेबांनी कॉलऱ्याची लस १८९२ साली आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे ती हीच. पुढे आषाढीला जाणाऱ्याने टोचून घ्यावे असा नियम झाला. दंड दोन दिवस सुजायचा, म्हणून कोणी कोणी नाकाही चुकवायचे, असे जुने वारकरी सांगत. त्या लशीचा जोर काही महिनेच टिकायचा आणि टोचलेला माणूसही जंतू वाहून नेऊ शकायचा. त्यामुळे खरा तोडगा निघाला पाण्यातूनच: टँकर, टीसीएल पावडर, फिरती शौचालये. आज दिंडीत कोणाला जुलाब लागले तर लगेच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहावे आणि डॉक्टरकडे न्यावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्याने हजारो जीव वाचवले.

पण सगळ्या रोगांची वाट पाण्यातून जात नाही, हे ध्यानात ठेवायचे. आपल्या डहाणू-तलासरीत पावसाळ्यात हिवताप येतो, तो डासाच्या पाठीवर. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला ते दाखवून दिले. भातखाचरात पायाला जखम असली की लेप्टो शिरतो, तो उंदराच्या मुतातून. क्षय खोकल्यातून येतो. डासाच्या रोगाला पाणी उकळून उपयोग नाही आणि पटकीला मच्छरदाणी लावून उपयोग नाही. दार कुठले उघडे आहे ते पाहून कडी लावायची.

श्वासातून जाणाऱ्या रोगाचे तर गणितच वेगळे. आपली दिंडी सुरू व्हायच्या थोडी आधी, १९१८ साली, मानमोडीचा ताप आला. तो जूनमध्ये मुंबईच्या गोदीत दिसला आणि आगगाडीबरोबर देशभर पसरला. एक कोटीच्या वर माणसं गेली. गणित असे, की एकाने दोघांना दिला, त्या दोघांनी चौघांना, तर दहाव्या पायरीला आकडा १०२४ होतो. पण हेच गणित उलटही चालते. दर माणसामागे सरासरी एकालाही रोग पोचला नाही, तर साथ आपोआप विझते. म्हणून सगळ्यांनी सगळे सोडायचे नसते, मधल्या पुरेशा कड्या तोडायच्या असतात. लस, अंतर, तोंडावर कपडा, आजाऱ्याने वेगळे राहणे, ही त्या कड्या तोडायचीच हत्यारे.

हे सगळे २०२० साली आपल्या दारात आले. पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि १ जुलैची आषाढी ओस वाळवंटात झाली. २०२१ सालीही पालख्या बसनेच गेल्या. आपल्या दिंडीत यावर फार वाद झाला. काही जण म्हणाले, पूर्वजांनी कॉलऱ्यातही वारी सोडली नाही, मग आपण का सोडावी? हा प्रश्न भावनेचा आहे, आणि भावना खरी आहे. ज्यांनी त्या वर्षी डोळ्यांत पाणी आणले, त्यांना आम्ही कमी लेखत नाही.

तरी आमचे उत्तर ठाम आहे. कॉलऱ्यात चालणे घातक नव्हते, पाणी घातक होते. शुद्ध पाणी असते, तर वारी बिनधोक झाली असती. कोरोनात मात्र टँकर आणून भागणारे नव्हते. त्याची वाट श्वासाची, आणि आपली वारी म्हणजे श्वासाला श्वास लावून चालणे: एकाच तंबूत निजणे, खांद्याला खांदा लावून भजन म्हणणे. शिवाय हा रोग ताप यायच्या आधीच दुसऱ्याला लागतो, म्हणून आजारी तेवढे वेगळे काढू म्हणता येत नव्हते. त्यातून दिंडीत निम्मे साठीच्या पुढचे. दोन वर्षे घरी बसून नेम मोडला नाही. चालणारी माणसं शिल्लक राहिली, म्हणून तर २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली.

पुढल्या शंभर वर्षांत नवीन रोग येतील. त्यांची नावं आज कोणालाच सांगता येणार नाहीत. म्हणून दिंडीच्या वहीत हिशोबाशेजारी एक पान आणखी असावे, अशी चालकांना विनंती: मुक्काम कुठला, पाणी कुठून घेतले, कोण आजारी पडले, कोणत्या तारखेला. लंडनच्या त्या डॉक्टरने याहून जास्त काही विचारले नव्हते. तेवढे लिहिलेले असले, की रोग कोणत्या वाटेने आला ते उमगते. मग चालायचे की थांबायचे, हे भीतीवर किंवा हट्टावर सोडावे लागत नाही.

रामकृष्णहरी.