ती कॅसेट कुणाकडे आहे का?



परवा माळा आवरताना जुना टू-इन-वन सापडला. नातवाने विचारलं, "आजोबा, यात गाणी कुठून यायची?" म्हटलं, लिहूनच काढावं.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. तोवर आपल्याकडे रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही. कुणाची रेकॉर्ड काढायची ते कंपनी ठरवणार. आमच्या शक्ती-तुऱ्याच्या शाहिराला तिथे कोण विचारतो! १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली. रत्नागिरीच्या मोहल्ल्यांतून माणसं कुवेत, दुबईला गेली आणि येताना जपानी टू-इन-वन घेऊन आली. त्यावरचं लाल बटण दाबलं की कुणाचाही आवाज भरता यायचा. कंपनीची गरजच उरली नाही.

पुढे अमेरिका-युरोपातले हौशी गायक-वादकही घरी कॅसेटी भरून एकमेकांना पोस्टाने पाठवू लागले. त्यांचं पोस्ट, तशी आमची एस.टी. आणि चाकरमानी!

माझा दादा परळला गिरणीत होता. तुरेवाल्यांकडून गायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो गावी आला. त्या गणपतीत झालेला सामना शेजाऱ्याच्या टू-इन-वनवर आम्ही नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरला. मग रात्री सामसूम झाल्यावर दोन टू-इन-वन समोरासमोर ठेवून प्रती काढल्या. मध्येच कुत्रं भुंकलं, तेही उतरलं! एक प्रत परळच्या चाळीत गेली, एक शेजाऱ्याबरोबर कुवेतला, एक घरी राहिली. कुवेतहून उत्तर आलं तेही कॅसेटवरच. खोलीतले सगळे कोकणवाले, हिंदू-मुसलमान, एकत्र बसून ऐकत होते म्हणे.

घरची प्रत मी घालवली. पुसली जाऊ नये म्हणून दादाने कॅसेटच्या मागच्या खाचा फोडून ठेवल्या होत्या. नव्या कॅसेटचे पैसे वाचवायला मी त्यावर चिकटपट्टी लावली आणि शाळेच्या गॅदरिंगची गाणी भरली. दादा काही बोलला नाही. १९९६ साली तो गेला. त्याचा आवाज आता माझ्याकडे नाही.

१९९० साली इराकने कुवेत घेतलं, तेव्हा शेजारी नेसत्या कपड्यांनिशी परतला. परळची चाळही पुढे पाडली गेली.

पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या कॅसेटींवर १९९३ साली पुस्तक लिहिलं. आपल्या घरगुती कॅसेटी मात्र माळ्यावरच्या ट्रंकांत पडून आहेत, आणि कोकणातला पावसाळा त्यांना बुरशी लावतो आहे.

म्हणून विनंती. परळ सोडून कळवा-दिव्याला गेलेल्यांनो, दुबईकरांनो, ट्रंका उघडा. कॅसेट मिळाली तर घाईने वाजवू नका, फीत तुटते. जाणकाराकडून डिजिटल करून घ्या. खाचा शाबूत असतील तर आधी फोडा.

आणि गाण्यात मध्येच कुत्रं भुंकलं, तर मला लगेच फोन करा.