हलकी की दणकट? माउंटन बाइकच्या फ्रेमची गोष्ट

मागच्या भागानंतर पुण्याहून एका श्रोत्याचा प्रश्न आला. वेताळ टेकडीवर सायकल चालवतात, आता नवी माउंटन बाइक घ्यायची आहे. विचारतात, ॲल्युमिनियम घेऊ की कार्बन? सस्पेन्शन १२० मिलिमीटरचं की १६०? हलकी घेऊ की दणकट?

दुकानदार याचं उत्तर दोन मिनिटांत देईल. आपण जरा लांबच्या वाटेनं जाऊ. कारण माझं मत असं आहे की प्रत्येक फ्रेम हे कुठल्या तरी उताराला दिलेलं उत्तर असतं. तो उतार कुणाचा होता हे माहीत नसेल, तर आपण दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर पैसे मोजून घरी आणतो.

तर चला कॅलिफोर्नियाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं जुन्या श्विन एक्सेल्सियर सायकली शोधत फिरायची. १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरच्या, वजन वीस किलोच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर खटारा. त्या डोंगरावर चढवायच्या आणि कच्च्या रस्त्यानं सुसाट खाली सोडायच्या, हा त्यांचा उद्योग. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण साडेतीन किलोमीटरचा रस्ता, आणि तेवढ्यात जवळपास चारशे मीटरचा उतार.

आता ब्रेकचं ऐका. भाड्याच्या सायकलचा ब्रेक गेला की आपण काय करायचो? चप्पल टायरला लावायचो. या सायकलींना कोस्टर ब्रेक असायचा, म्हणजे पॅडल उलटं मारलं की मागच्या हबच्या आत ब्रेक लागतो. पण एवढ्या उतारावर हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचलं की हब उघडून नवं ग्रीस भरायचं. इंग्रजीत त्याला म्हणतात रिपॅक करणं, म्हणून शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. एका खेळाच्या पहिल्या शर्यतीचं नाव तिथं बिघडणाऱ्या पार्टवरून पडलं. पुढची सगळी गोष्ट याच चालीवर जाते, बरं का. काहीतरी मोडतं, आणि मग त्यातून नवं काहीतरी बनतं.

त्या जुन्या फ्रेमही वाकायच्या, तडकायच्या. मग याच टोळक्यातल्या जो ब्रीझनं १९७७मध्ये क्रोमोली स्टीलच्या नळ्या जोडून खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. ती पहिली ब्रीझर आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी कंपनी काढली, फ्रेम टॉम रिची बनवायचा. आणि १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली, जपानमध्ये मोठ्या संख्येनं बनवलेली. खटारा आता दुकानात मांडला गेला.

मग शर्यतींचा जमाना आला. १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला यूसीआयची पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९६मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्रीचा समावेश झाला. शर्यत जिंकायची तर चढावर वेळ वाचवायचा, म्हणजे वजन कमी करायचं. सायकली दहा-अकरा किलोंवर आल्या. हँडल अरुंद, स्टेम लांब, हेड अँगल ७१ अंशांच्या आसपास, म्हणजे पुढचा फोर्क बराच उभा. चढाला झकास. पण तीव्र उतारावर शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो आणि एखाद्या मुळावर चाक अडलं, की स्वार हँडलवरून थेट पुढे.

हे सगळ्यात आधी खुपलं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात. व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरवर पाऊस, चिखल, सगळीकडे मुळं आणि खडक. तिथल्या लोकांनी पडलेल्या देवदारांच्या फळ्या काढून जंगलात अरुंद पूल बांधले. तिकडे कॅमलूप्सच्या कोरड्या, भुसभुशीत टेकड्यांवर वेड सिमन्स, रिची श्ली आणि ब्रेट टिपी हे तिघं वाटेल तिथून उड्या मारत होते. टिपी मूळचा स्नोबोर्डवाला, आणि विचारही तिथलाच. घड्याळ नाही, ठरलेला मार्ग नाही, डोंगर बघायचा आणि आपली रेघ आपण निवडायची. हेच फ्रीरायडिंग. हा शब्द कॅननडेलनं ट्रेडमार्क केला होता, म्हणून रॉकी माउंटन कंपनीनं या तिघांना नाव दिलं फ्रोरायडर्स. १९९८ला ‘क्रँक्ड’ ही फिल्म आली आणि जगभरच्या पोरांनी हे पाहिलं.

पण रेसच्या सायकली या उड्यांना टिकेनात. मग पार्ट बदलायला लागले. त्या वेळच्या बऱ्याच फोर्कमध्ये रबरासारखे ठोकळे असायचे, थंडीत ते कडक व्हायचे. १९९७च्या सुमारास मार्झोकीचा बॉम्बर आला. ही इटलीतली मोटरसायकलचे फोर्क बनवणारी कंपनी. तिनं आत चक्क स्प्रिंग आणि तेल घातलं. ओल्या रिमवर ब्रेक घसरतात म्हणून डिस्क ब्रेक रुळले. हँडल रुंद झालं, स्टेम आखूड, हेड अँगल कलता. आणि वजन? पुन्हा अठरा-वीस किलो! पंचवीस वर्षांत सायकल जिथून निघाली त्याच वजनावर परत आली. फक्त पहिलं वजन जुनाट लोखंडाचं होतं, हे दुसरं मुद्दाम घातलेलं.

२००१मध्ये युटातल्या व्हर्जिन गावाजवळ रेड बुल रॅम्पेज सुरू झाली, पहिला विजेता वेड सिमन्स. याच काळात जॉश बेंडर बारा इंच सस्पेन्शनची सायकल घेऊन कड्यांवरून उडी मारत होता. जणू पार्ट मोठा केला की कडाही मोठा करता येतो.

इथं मात्र मी थांबतो. पॉल बासागोइटिया हे नाव लक्षात ठेवा. २००४ला क्रँकवर्क्सची स्लोपस्टाइल स्पर्धा त्यानं जिंकली, तीही उसन्या सायकलवर. म्हणजे फ्रेम स्वतःची नसली तरी हात आणि नजर स्वतःची होती. आणि २०१५च्या रॅम्पेजमध्ये हाच माणूस पडला, पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तोवर सायकली कधी नव्हत्या इतक्या चांगल्या झाल्या होत्या. सायकल दणकट झाली, तशी माणसाची हाडं काही झाली नाहीत.

म्हणून श्रोते महाराज, माझं उत्तर असं. कार्बन की ॲल्युमिनियम हा वाद शेवटी ठेवा. आधी भूमिती बघा. कलता हेड अँगल, रुंद हँडल, आखूड स्टेम ही फ्रीरायडर्सनी हाडं मोडून मिळवलेली शिकवण आज साध्या ट्रेल बाइकमध्येही मिळते. ती जरूर घ्या. १६० मिलिमीटरचं सस्पेन्शन मात्र तुमच्या टेकडीनं मागितलेलं नाही, ते व्हिडिओनं मागितलंय. तिथं १२०-१३० पुष्कळ झालं. वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकवर, टायरवर आणि हेल्मेटवर घाला. पावसाळ्यात ओल्या मुरुमावर उतरताना तुम्हाला तेच सावरतील.

आणि दुकानात कुणी म्हणालं, ही घ्या, हिच्यावर काहीही करता येतं, तर हसून एवढंच विचारा, कुठल्या उतारावर?

पुढच्या भागात भेटूच. तोवर सांभाळून चालवा.